मॅन्युअल लिहिणारा नेमकं काय करतो?

जानेवारी २०२५च्या अखेरीस अमेरिकेतली 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' ही संस्था बंद पडली. सत्तर वर्षांहून जुनी, टेक्निकल रायटर म्हणजे मॅन्युअल लिहिणाऱ्या मंडळींची हक्काची संघटना. सभासद घटले, पैसा आटला आणि शेवटी दिवाळखोरीचा मार्ग धरावा लागला. हे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती बातमी फिरली आणि तिच्यामागोमाग हल्लीचा नेहमीचा प्रश्नही आला: एआय दोन मिनिटांत मॅन्युअल लिहून देत असेल, तर त्यासाठी पगार देऊन माणूस कशाला ठेवायचा?

या क्षेत्राबाहेरच्या लोकांचा प्रश्न त्याच्याही अलीकडचा असतो. मॅन्युअल लिहिणारा असा वेगळा माणूस असतो हेच त्यांना ठाऊक नसतं. मिक्सरच्या खोक्यात थर्माकोलखाली सापडणारी ती घडी घातलेली पुस्तिका यंत्राबरोबर आपोआप तयार होत असावी, असा एकंदर समज आहे. 'टेक्निकल रायटर' असं सांगितलं की समोरचा जरा थांबतो आणि विचारतो, "म्हणजे टायपिंगचं काम का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी सापडतं. तिथे पोहोचायला थोडं मुळापासून निघावं लागेल.

## आधी दोन संज्ञा

प्रॉडक्ट डॉक्युमेंटेशन म्हणजे एखादी वस्तू नीट आणि बिनधोक वापरता यावी म्हणून तिच्याबरोबर दिलेली सगळी लिखित माहिती. खोक्यातली पुस्तिका, औषधाच्या बाटलीबरोबरचा कागद, बँकेच्या अ‍ॅपमधलं 'मदत' नावाचं पान, मेकॅनिकसाठीचं सर्व्हिस मॅन्युअल, पडद्यावर झळकणारा एररचा मजकूर, एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी कसं बोलायचं हे प्रोग्रामरला सांगणारी पानं, हे सगळं त्यात आलं.

ही माहिती गोळा करणारा, तपासणारा आणि वापरणाऱ्याला कळेल अशी लिहिणारा तो टेक्निकल रायटर. 'गोळा करणारा' आणि 'तपासणारा' हे मी मुद्दाम आधी लिहिलं. दिवसाचा बराचसा वेळ त्यातच जातो. लिहायला बसेपर्यंत अवघड भाग उरकलेला असतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वापराच्या सूचना कशा तयार कराव्यात याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी आणि आयईईई या संस्थांचं ८२०७९-१. त्याची २०१९ची आवृत्ती या माहितीला उत्पादनाचाच एक भाग मानते. ही भूमिका कागदावर साधी वाटते. ती न मानल्याने काय होतं, हे एका यंत्राच्या कहाणीतून नीट कळतं.

## मालफंक्शन ५४

थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र. 'अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड' या कॅनडाच्या सरकारी कंपनीने ते बनवलं होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना नेमून दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग दिला. सॉफ्टवेअरच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण जगभर शिकवलं जातं, पण शिकवताना भर असतो प्रोग्राममधल्या चुकीवर. मला त्यातला दुसरा धागा जास्त अस्वस्थ करतो.

मार्च १९८६, टेक्सासमधल्या टायलर गावातलं कर्करोग उपचार केंद्र. रुग्णाला १८० रॅड (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) इतकी मात्रा द्यायची होती. यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरने सवयीने चुकीचं अक्षर टाइप केलं, एक्स-रे किरणांचं. लगेच ध्यानात आल्यावर मागे जाऊन तिने ते बदललं आणि इलेक्ट्रॉन किरणांचं अक्षर टाकलं. हात सरावाचा असल्यामुळे हे सगळं काही सेकंदांत झालं, आणि नेमका तो वेगच यंत्राच्या सॉफ्टवेअरला झेपला नाही. पडद्यावर आलं: 'मालफंक्शन ५४'. यंत्र थांबलं, पण पूर्ण बंद पडलं नाही. 'पुढे चालू' अशा अर्थाची एक कळ दाबली की ते परत सुरू होणार होतं. असे किरकोळ बिघाड रोजचेच असल्याने ऑपरेटरने ती कळ दाबली. रुग्णाच्या अंगातून विजेचा झटका जावा तसं झालं होतं, तो उठू पाहत होता, तेवढ्यात दुसरा मारा झाला. खोलीतला आवाज आणि चित्र बाहेर पोहोचवणारी यंत्रणा त्या दिवशी चालू नव्हती. काही महिन्यांनी तो रुग्ण दगावला. एप्रिलमध्ये त्याच केंद्रात, त्याच आकड्यासह आणखी एक जण बळी पडला.

आता प्रश्न असा की 'मालफंक्शन ५४' म्हणजे काय? ऑपरेटरला दिलेल्या मॅन्युअलमध्ये या आकड्यांचा उल्लेखच नव्हता. देखभालीच्या मॅन्युअलमध्ये आकड्यांची यादी होती, खुलासा नव्हता. दुसऱ्या एका कागदावर ५४ समोर 'डोस इनपुट २' एवढंच लिहिलेलं होतं. कंपनीच्या तंत्रज्ञाने नंतर साक्षीत त्याचा अर्थ सांगितला: दिलेली मात्रा एकतर फार जास्त होती किंवा फार कमी.

हा अर्थ पुन्हा एकदा वाचा. फार जास्त किंवा फार कमी.

एखाद्या टेक्निकल रायटरला या बिघाडांच्या यादीवर बसवलं असतं, तर त्याने प्रत्येक आकड्यासमोर तीन रकाने आखले असते: काय झालं, रुग्णाची स्थिती काय असू शकते, ऑपरेटरने काय करायचं. ५४च्या ओळीवर तो अडखळलाच असता. मात्रा फार जास्त गेली असण्याची शक्यता आहे म्हणता, आणि तिसऱ्या रकान्यात 'कळ दाबून पुढे चालू ठेवा' लिहायचं? हे वाक्य कागदावर उतरवता येत नाही. ते लिहायला घेतलं की इंजिनिअरच्या टेबलावर परत जावंच लागतं.

सॉफ्टवेअरमधली चूक मॅन्युअलने दुरुस्त झाली नसती, हे खरंच. आधीच्या मॉडेलमध्ये असलेली यांत्रिक सुरक्षा या मॉडेलमधून काढली होती, तो निर्णयही लेखकाच्या हातातला नव्हता. पण आपल्या यंत्रात काय चाललंय हे वापरणाऱ्याला साध्या वाक्यात सांगायचं असा आग्रह कोणी धरला, की यंत्राविषयीचे न विचारलेले प्रश्न वर येतात. माझ्या मते या कामाची सगळ्यात मोठी किंमत इथे आहे, आणि ती छापलेल्या पानावर दिसत नाही.

## ज्याने बनवलं त्यानेच लिहावं की

कंपन्यांमध्ये हा आक्षेप सर्रास ऐकू येतो. इंजिनिअरला यंत्राची खडान्‌खडा माहिती आहे, मग मधे तिसरा कशाला?

एखाद्या गावात पत्ता विचारून पाहा. "सरळ जा, जुन्या टॉकीजपासून डावीकडे वळा, पाटलांच्या वाड्याच्या मागे." सांगणारा माणूस खोटं बोलत नाही. टॉकीज पाडून तिथे मंगल कार्यालय झालंय आणि वाड्यावर पाटलांची पाटी कधीच नव्हती, एवढंच. त्याच्या डोक्यातला नकाशा बिनचूक आहे, पण त्यातल्या खुणा फक्त गावकऱ्यांना दिसतात. पाहुणा कोपऱ्यावर उभा राहून पुन्हा कोणालातरी फोन लावतो.

इंजिनिअरचं असंच होतं. तो हुशार असतो म्हणून होतं. वर्षभर एकाच वस्तूवर काम केल्यावर तिची माहिती नसणं म्हणजे काय हे आठवेनासं होतं. एक नमुना घेऊ. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या पुस्तिकेत असं वाक्य आहे असं समजा:

'प्रथम वापरापूर्वी उपकरण योग्य प्रकारे फ्लश करण्यात यावे.'

व्याकरण ठीक आहे, माहितीही बरोबर आहे. आता टेक्निकल रायटर हे वाक्य घेऊन इंजिनिअरकडे जातो. फ्लश म्हणजे नेमकं काय करायचं? टाकी किती वेळा भरायची? एकदा? मग ते पाणी कुठे सोडायचं, झाडांना घातलं तर चालेल का? पहिलं पाणी गढूळ दिसलं तर यंत्र खराब आहे असं समजायचं का? टाकी भरायला किती वेळ लागतो, म्हणजे तासाभराने ग्राहक घाबरून फोन करायला नको? आणि हे कोण करणार, बसवायला आलेला माणूस की घरातली बाई? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक वेळा इंजिनिअर आणि सर्व्हिसवाले यांची वेगवेगळी उत्तरं येतात. ते भांडण ग्राहकाच्या घरी होण्यापेक्षा मीटिंगमध्ये झालेलं बरं.

मग वाक्य असं होतं:

'पहिल्यांदा भरलेल्या टाकीतलं पाणी पिऊ नका. टाकी पूर्ण भरू द्या आणि सगळं पाणी नळाने सोडून द्या. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी पिण्यासाठी वापरा. पहिलं पाणी किंचित काळपट दिसू शकतं. तो बिघाड नाही.'

शब्द वाढले, हे कबूल. सोपं लिहिणं म्हणजे थोडक्यात लिहिणं, हा एक गोड गैरसमज आहे. कधी कधी सोपं वाक्य लांब असतं, कारण त्यात वाचणाऱ्याने मनाने भरायची जागा उरलेली नसते.

या कामाचे काही साधे नियम ठरून गेले आहेत. एका पायरीत एकच कृती. धोक्याची सूचना कृतीच्या आधी. 'झाकण उघडा' लिहून पुढच्या ओळीत 'उघडण्यापूर्वी वीज बंद केल्याची खात्री करा' लिहिणाऱ्याचा मला राग येतो. एका भागाला पुस्तिकेभर एकच नाव. विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी तर इंग्रजीचाच एक आखून दिलेला प्रकार आहे. जगभरच्या मेकॅनिकांची मातृभाषा इंग्रजी नसते म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने तो १९८६मध्ये आणला. कृती सांगणारं वाक्य वीस शब्दांच्या आत, माहिती सांगणारं पंचवीसच्या आत, आणि मान्य शब्दांची ठरावीक यादी. आपल्याकडच्या सरकारी परिपत्रकांना वीस शब्दांची मर्यादा लावली तर काय होईल, याची कल्पना करून मी अधूनमधून खूश होतो.

## पण मॅन्युअल वाचतं कोण

कोणीच नाही. निदान पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तरी नाही. हा आक्षेप खरा आहे आणि या व्यवसायाने तो फार पूर्वीच मान्य केला आहे.

१९८०च्या दशकात आयबीएम कंपनीत जॉन कॅरोल या संशोधकाने नवशिके लोक संगणकावर काम करायला कसे शिकतात हे शेजारी बसून पाहिलं. लोक पुस्तिका क्रमाने वाचत नव्हते. मधूनच पानं उलटत, थेट काम सुरू करत, चुकत, आणि चुकल्यावर बाहेर कसं पडायचं हे पुस्तिकेत शोधत. तिथे ते नसे. पुस्तिका लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं की सांगितलेलं सगळं वाचून, त्याच क्रमाने केलं जाईल. मग कॅरोल यांनी प्रस्तावना आणि फुशारक्या काढून टाकलेली बारीक पुस्तिका बनवली. सुरुवातीलाच खरं काम, आणि चुकलं तर काय करायचं हे जिथल्या तिथे. लोक त्यावर लवकर शिकले.

म्हणजे मॅन्युअल वाचलं जात नाही ही तक्रार असली, तरी लेखकासाठी ती कामाची माहिती आहे. माणूस अडल्यावर येतो, घाईत येतो, बहुधा चिडलेला असतो, आणि त्याला एकच गोष्ट हवी असते. कुकरची शिटी होत नाहीये. पैसे खात्यातून गेले, पण समोरच्याला मिळाले नाहीत. अशा माणसाला पान दोनवर कंपनीचं अभिनंदनपर मनोगत वाचायला लावणं हा त्याचा अपमान आहे.

## यवतमाळचा तो हंगाम

इथवर वाचून वाटेल की लिखाण चांगलं असलं की झालं. कागद नीट असणं आणि तो योग्य माणसापर्यंत पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि महाराष्ट्राने याची फार मोठी किंमत मोजली आहे.

२०१७च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं, हातमोजे-मास्क नसणं, दुकानदाराचा सल्ला हाच शेवटचा शब्द असणं, अशा अनेक कारणांची तेव्हा चर्चा झाली. मी फक्त कागदापुरतं बोलतो.

कीटकनाशकांविषयीचे १९७१चे नियम या कागदाबाबत बरेच तपशीलवार आहेत. डब्यावर चौकोनी हिऱ्याच्या आकाराचं चिन्ह हवं. त्यात लाल रंग म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात सौम्य तो हिरवा. आत माहितीपत्रक हवं. त्यात वापरायची पद्धत, विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार, उतारा, रिकाम्या डब्याची विल्हेवाट. हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातली भाषा. नियम पाहिला तर काही कमी नाही.

मग पत्रक पाहा. एवढ्या भाषा एका घडीच्या कागदावर बसवायच्या म्हणून अक्षर मुंगीएवढं. मराठी मजकूर इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावून केलेला. मात्रा हेक्टरवर दिलेली, तर शेतकरी मोजतो एकरात, आणि फवारणारा मोजतो पंपात. हेक्टरी मिलिलिटर आणि पाण्याचे लिटर यांच्यावरून एका पंपाला किती झाकणं टाकायची, हे त्रैराशिक सकाळी सात वाजता बांधावर कोण सोडवणार? त्यातून तो कागद डबा विकत घेणाऱ्याच्या हातात पडतो. फवारणी मजूर करतो. त्याला डबाच कधी कधी दिसत नाही, बादलीत कालवलेलं दिसतं.

व्यावसायिक लेखकाचा पहिला प्रश्न असतो: वाचणारा कोण, तो कुठे उभा आहे, त्याच्या हातात काय आहे? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दिलं असतं, तर 'एका पंपाला इतकं' हा आकडा डब्यावरच सगळ्यात मोठ्या अक्षरात आला असता. चित्रं आली असती. विषबाधेची लक्षणं घरच्या माणसाने ओळखावीत अशा शब्दांत आली असती, कारण चक्कर येऊन पडलेला माणूस स्वतः पत्रक वाचत नाही. माणसं वाचलीच असती असा दावा मी करत नाही. त्या कागदाने नियमाची रकाने-पूर्ती केली आणि वाचणाऱ्याचा विचार केला नाही, एवढं मात्र तो हातात घेतल्यावर कोणालाही दिसेल.

## कायदा काय म्हणतो

हे सगळं चांगुलपणावर सोडलेलं नाही, ही गोष्ट आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०पासून लागू झाला आणि त्यात उत्पादनामुळे झालेल्या इजेची जबाबदारी हा स्वतंत्र भाग आला. त्यातल्या कलम ८४मध्ये उत्पादक कोणकोणत्या कारणांनी जबाबदार ठरतो ते दिलंय. बनवण्यातला दोष, आराखड्यातला दोष, यांच्या रांगेतच एक कारण आहे: इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसणं, किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा नसणं. म्हणजे यंत्रात काडीचाही बिघाड नसला, तरी कागद अपुरा आहे म्हणून कंपनी अडकू शकते. सेवा देणाऱ्यांनाही कलम ८५मध्ये अशीच तरतूद लागू आहे.

यावर लगेच शंका येते की मग कंपन्या प्रत्येक गोष्टीचा इशारा छापत सुटतील. 'सुरी धारदार आहे' वगैरे. त्याची सोय कलम ८७मध्ये केली आहे. जो धोका उघड आहे किंवा सर्वांना माहीत आहे, त्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादक जबाबदार ठरत नाही. तरी वकिलांच्या धास्तीने पुस्तिकेची पहिली चार पानं इशाऱ्यांनी भरलेली असतात, आणि त्या गर्दीत एक खरा जीवघेणा इशारा हरवून जातो. कोणता इशारा कुठे, किती मोठा, हे ठरवणं हाही लेखनाचाच भाग आहे.

## पैशाचा हिशेब

मालकाला मात्र एकच विचारायचं असतं, यात परतावा काय? थेट आकडा सांगता येत नाही. कॉल सेंटरला न आलेले फोन मोजायचे कसे? तरी उलट बाजूने पाहता येतं.

कोलेको या अमेरिकी कंपनीने १९८३मध्ये 'अ‍ॅडम' नावाचा घरगुती संगणक आणला. त्यात कॅसेटसारखी टेप वापरायची. संगणक चालू करताना त्यातून विद्युतचुंबकीय लाट निघे आणि आत ठेवलेल्या टेपवरचं सगळं पुसलं जाण्याचा धोका असे. त्याच्या काही पुस्तिकांमध्ये सूचना छापलेली होती: आधी टेप आत घाला, मग संगणक चालू करा. ग्राहकाने सांगितलेलं तंतोतंत केलं तर त्याचीच टेप कोरी. अ‍ॅडममध्ये इतरही दोष होते, माल परत येत गेला, आणि १९८५च्या सुरुवातीला तो बंद झाला. पुस्तिका छापल्या तेव्हा हा दोष माहीत नसावा, असा एक बचाव आहे. पण पुस्तिका लिहिणाऱ्याने प्रत्येक पायरी खऱ्या यंत्रावर स्वतः करून पाहायची, हा या धंद्यातला पहिला धडा नेमका याचसाठी आहे. शिवाय दोष कळल्यावर कागद बदलायचा कोणी? मॅन्युअल एकदा लिहून संपत नाही. सॉफ्टवेअर दर पंधरा दिवसांनी बदलतं, आणि जुनी सूचना चुकीची होऊन बसते.

## लेखक सगळं वाचवू शकत नाही

बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानात एमकॅस नावाची एक यंत्रणा होती. ठरावीक परिस्थितीत ती आपणहून विमानाचं नाक खाली ढकलायची. वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये तिचं वर्णनच दिलेलं नव्हतं. ऑक्टोबर २०१८मध्ये इंडोनेशियात लायन एअरचं विमान पडून १८९ माणसं गेली, तेव्हा जगभरच्या वैमानिकांना या यंत्रणेचं नाव पहिल्यांदा कळलं. मार्च २०१९मध्ये इथिओपियात आणखी १५७. तिथे चूक वाक्यरचनेची नव्हती. ही यंत्रणा मॅन्युअलमध्ये घालायची नाही, हे वर ठरलेलं होतं. काय लिहायचं नाही हे ठरवणाऱ्या माणसापुढे टेक्निकल रायटरचं फारसं चालत नाही. चांगला लेखक तेव्हा प्रश्न विचारू शकतो आणि तो ईमेलवर नोंदवून ठेवू शकतो. त्यापलीकडे त्याला अधिकार नसतो, आणि याविषयी आमच्या व्यवसायात बोललं जातं त्यापेक्षा जास्त बोललं पाहिजे.

## आणि आता एआय

एआयला जे येतं ते मान्य करू. कच्चा मजकूर नीट करणं, सगळीकडे एकच शब्द वापरला आहे का ते तपासणं, लांब पानाचा सारांश काढणं, ही कामं ते झपाट्याने करतं. मीही करून घेतो. ज्यांचं काम इंजिनिअरने लिहिलेल्या मजकुराचं व्याकरण सुधारण्यापुरतं होतं, त्यांच्या नोकरीवर गदा येणार, हेही उघड आहे.

पण एआयला मजकूर लागतो, आणि कुठेच लिहिलेली नसलेली गोष्ट त्याला ठाऊक नसते. 'डोस इनपुट २' एवढा एकच कागद पुढे टाकला तर ते त्यावर एक सुबक परिच्छेद लिहून देईल. वाचायला छान, आणि कदाचित साफ चूक. तंत्रज्ञाला बाजूला घेऊन "म्हणजे नक्की काय हो?" असं विचारायला ते जाणार नाही. टेप आत ठेवून बटण दाबून पाहणार नाही.

दुसरा भाग कमी लक्षात घेतला जातो. ग्राहक आता पान उघडण्याऐवजी चॅटबॉटला विचारतो, आणि चॅटबॉट उत्तर देतो ते बहुधा तुमच्याच डॉक्युमेंटेशनवरून. फेब्रुवारी २०२४मध्ये कॅनडात एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाला एका प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. नात्यातल्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरच्या प्रवासासाठी मिळणाऱ्या सवलतीबद्दल कंपनीच्या चॅटबॉटने त्याला चुकीचं सांगितलं होतं. वेबसाइटच्या दुसऱ्या पानावर बरोबर माहिती होती. चॅटबॉट ही वेगळी, स्वतःच्या वागण्याला स्वतः जबाबदार अशी संस्था आहे, असा कंपनीचा युक्तिवाद न्यायाधिकरणाने फेटाळला. तुमच्या साइटवर जे सांगितलं जातं ते तुम्हीच सांगितलेलं आहे, मग ते पान असो वा बॉट. त्यामुळे मूळ मजकूर बिनचूक, एकच आणि ताजा ठेवणाऱ्या माणसाचं काम वाढलंय. त्याचं पदनाम बदलेल कदाचित.

## मराठीतलं मॅन्युअल

मराठी पुस्तिका वाचवत नाहीत, अशी तक्रार आपण सगळेच करतो आणि मग इंग्रजी पान उघडतो. बऱ्याचदा मूळ इंग्रजीच गोंधळलेलं असतं. भाषांतर करणाऱ्याला वस्तू दाखवलेली नसते, प्रश्न विचारायला कोणी दिलेलं नसतं, शब्दामागे पैसे ठरलेले असतात. तो 'प्रज्वलित करण्यात यावे' लिहून मोकळा होतो. हे काम यंत्रासमोर बसवून थेट मराठीत लिहून घेतलं तर किती फरक पडतो, हे शेती अवजारं किंवा पंप बनवणाऱ्या छोट्या उद्योजकांनी करून पाहण्यासारखं आहे. त्यांचा ग्राहक मराठीच वाचतो.

टेक्निकल रायटर ठेवण्याइतकी ऐपत नसली, तरी एक चाचणी भोसरी, सातपूर किंवा शिरोलीतल्या कोणत्याही वर्कशॉपला जमेल. यंत्र आणि त्याचा कागद अशा माणसाच्या हातात द्या ज्याने ते यंत्र कधी पाहिलेलं नाही. अकाउंट्समधला मुलगा चालेल, शेजारच्या गाळ्यातला चालेल. वीज किंवा पात्यांचा धोका असेल तिथे जाणता माणूस बंद करायच्या बटणाजवळ उभा ठेवा. मग समोर बसा आणि काही बोलू नका. 'अहो तसं नाही, इकडून' असं म्हणायची फार उबळ येईल, ती गिळा. तो कुठे थांबला, कुठलं वाक्य दोनदा वाचलं, कुठे कागद बाजूला ठेवून तुमच्याकडे पाहिलं, ते लिहून घ्या. ती यादी हातात घेऊन आधी यंत्राकडे पाहा, मग कागदाकडे. त्यातल्या काही अडचणी वाक्य बदलून सुटतील. काहींसाठी बटणाची जागा बदलावी लागेल.